डबा कुणी उघडायचा?

बायकांना संगणक शिकवला पाहिजे यावर आता कुणाचे दुमत राहिलेले नाही. सरकारचे नाही, संस्थांचे नाही, आपल्या चळवळीचेही नाही. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि बघता बघता तालुक्याच्या गावांत, मोठ्या खेड्यांत त्याचे वर्ग निघाले. लग्नाआधी मुलीने शिवणकाम शिकून ठेवावे, तसे 'सीआयटी करून ठेवावे' असे आईबापच म्हणू लागले. २०११ साली 'संग्राम' प्रकल्पातून ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत संगणक आले, २०१६ पासून तेथे 'आपले सरकार सेवा केंद्र' अशा पाट्या लागल्या. अनेक केंद्रांवर मुली बसतात, दाखले काढून देतात, अर्ज भरतात. हे सगळे चांगलेच झाले. त्यासाठी आपणही भांडलो आहोत.

पण या सगळ्या शिक्षणात एक गोष्ट न बोलता ठरून गेलेली आहे. बाईने पडद्यासमोर बसायचे आणि पुरुषाने मागचा डबा उघडायचा. टायपिंग, अर्ज, हिशेब, माहिती भरणे ही कामे बाईची. वायर, स्क्रू, कार्ड, जोडणी ही कामे पुरुषाची. यंत्र चालू असते तोवर बाई 'ऑपरेटर' असते. ते बंद पडले की ती हात बाजूला घेऊन 'इंजिनिअर पोरगा' येण्याची वाट पाहत बसते. मला वाटते, ही वाट पाहणे हा आपल्या मासिकात चर्चा करण्याजोगा विषय आहे. म्हणून या लेखात मी एका अगदी लहान वस्तूबद्दल लिहिणार आहे. तिचे नाव लॅन कार्ड.

कार्ड म्हणजे काय, आणि ते का लागते

लॅन कार्ड म्हणजे तळहाताएवढी, किंवा त्याहूनही लहान, हिरवी पट्टी. तिच्या एका टोकाला चौकोनी भोक असते, त्यात इंटरनेटची केबल बसते. दुसऱ्या कडेला सोनेरी दात असतात, ते संगणकाच्या आतल्या मुख्य बोर्डवरच्या खाचेत बसतात. बाहेरून आलेला संदेश संगणकाला समजेल अशा रूपात आत नेणे आणि आतला बाहेर पाठवणे, एवढेच तिचे काम. ही तारेने संगणक जोडण्याची पद्धत, म्हणजे इथरनेट, १९७३ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात निघाली. पुढे १९८३ साली तिचे प्रमाण ठरले आणि कोणत्याही कंपनीचे कार्ड कोणत्याही कंपनीच्या संगणकाशी बोलू लागले.

आजकालच्या संगणकांत ही सोय मुख्य बोर्डवरच केलेली असते, वेगळे कार्ड लागत नाही. मग ते का घ्यायचे? आपल्या भागापुरते उत्तर द्यायचे तर, विजेमुळे. धाराशिव जिल्ह्यात वळवाचा पाऊस कसा येतो हे इथल्या माणसांना सांगायला नको. दुपारपर्यंत रखरखीत ऊन, चारच्या सुमारास आभाळ काळे, आणि मग कडकडाट. अशा वेळी आपण टीव्हीची पिन काढतो, संगणकाचे बटण बंद करतो. पण इंटरनेटची केबल तशीच राहते. त्या केबलवाटे विजेचा झटका येतो आणि बोर्डवरचे केबलचे तोंड जळते. बाकी संगणक ठणठणीत असतो. सुरू होतो, टाइप करतो, छापतो. फक्त जगाशी बोलत नाही. मुके झालेले माणूस दिसायला धडधाकट दिसावे, तसे.

येथे दोन मार्ग असतात. एक, सबंध मुख्य बोर्ड बदलणे. त्याला काही हजार रुपये लागतात आणि जुन्या संगणकाला जुळणारा बोर्ड मिळेलच असेही नाही. दुसरा, बोर्डवरच्या रिकाम्या खाचेत लॅन कार्ड बसवणे. त्याला काहीशे रुपये लागतात आणि अर्धा तास. पहिला मार्ग की दुसरा, हे ठरवण्यासाठी आत काय आहे हे ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक असते तो दुसऱ्याला कोणताही मार्ग सांगू शकतो. प्रश्न इथे सुरू होतो.

सोनारीची गोष्ट

परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव भैरवनाथाच्या देवस्थानामुळे दूरवर माहीत आहे. चैत्रातल्या यात्रेला बार्शी-करमाळ्याकडचीही माणसे येतात. एरवी गाव ज्वारी, तूर, आणि अलीकडे ऊस यांवर चालणारे. गावात देवळाच्या आसऱ्याने राहणारी माकडे पुष्कळ. छपरावरून ओढलेली कोणतीही वायर ती फार दिवस टिकू देत नाहीत, असे तिथल्या बायका सांगतात.

येथल्या एका महिला गटाकडे एक जुना संगणक आहे. एका कचेरीने नवे घेतल्यावर काढून टाकलेला, गटाने मागून आणलेला. गटाचे हिशेब, बँकेची कागदपत्रे, निराधार योजनेचे अर्ज, मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म असे काम त्यावर चाले. वळवाच्या एका पावसानंतर त्याचे नेट गेले. तालुक्याच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'बोर्ड गेला' असे सांगितले, सात हजार मागितले आणि 'त्यापेक्षा नवीनच घ्या' असा सल्लाही दिला. तीन आठवडे संगणक कापडाखाली झाकून राहिला. त्या तीन आठवड्यांत बायका सेवा केंद्रावर रांगा लावत होत्या, आणि प्रत्येक कागदामागे पैसे मोजत होत्या.

मी त्या भागात कामाला जाते. सामाजिक कार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात संगणक उघडायला कुणी शिकवत नाही. मला जे येते ते संस्थेच्या कचेरीत गरजेपोटी शिकलेले. गटाच्या बैठकीत मी म्हटले, आपणच उघडून पाहू. पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. "नका हात लावू ताई, शॉक बसंल." दुसरी म्हणाली, "आपल्याला काय कळतंय त्यातलं." पण गटात शिवणकाम करणारी एक बाई आहे. ती म्हणाली, "मशीनचं शटल काढून मी तेल घालतेच की. त्यालाबी स्क्रूच असत्यात." मग तिच्याच शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन काम सुरू झाले.

आधी शहानिशा केली. तीच केबल माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली, नेट चालले. म्हणजे केबल चांगली, राउटर चांगला. संगणकाच्या तोंडाशी लावली तर दिवा लागत नव्हता. म्हणजे दोष त्या तोंडात. पाच मिनिटांत एवढे कळले, आणि त्यासाठी काहीही उघडावे लागले नाही. मग डबा उघडून आतली खाच पाहिली, तिचा मोबाइलवर फोटो काढला. हे महत्त्वाचे आहे, कारण जुन्या संगणकात लांब खाच असते आणि नव्यात आखूड, आणि दोन्हींची कार्डे वेगळी. गटातल्या दोघी तो फोटो घेऊन बार्शीला गेल्या. एका दुकानात त्यांना विचारले गेले, "कुणासाठी पाहिजे? त्यांनाच पाठवा." दुसऱ्या दुकानात कार्ड मिळाले. सहाशे रुपयांच्या आत.

बसवण्याची रीत येथे मुद्दाम देते, कारण वाचणाऱ्या कुणा मैत्रिणीला ती उपयोगी पडेल. संगणक बंद करा, पिन भिंतीतून काढा, मग चालू करायचे बटण काही क्षण दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचे झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असते, ते काढा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगातली स्थिर वीज त्यात जाते. या विजेने आपल्याला काही होत नाही, कार्ड मात्र बिघडू शकते. खाचेसमोरची पत्र्याची पट्टी काढा. कार्ड कडेला धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका, आणि दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन सरळ खाली बसवा. पट्टीचा स्क्रू आवळा, झाकण लावा, नव्या कार्डाला केबल लावा. संगणक सुरू केल्यावर केबलच्या तोंडाशी दिवा लुकलुकला म्हणजे बहुतेक काम झाले.

बहुतेक म्हणते, कारण कधी कधी संगणक कार्ड ओळखत नाही. त्याला त्या कार्डाचा 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्रॅम द्यावा लागतो. तो असतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट तर नाही. अशा वेळी मोबाइल वायरीने संगणकाला जोडून त्याचे नेट घेता येते, किंवा दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणता येते. आणखी एक. प्रत्येक कार्डाला स्वतःचा क्रमांक असतो, आणि काही जोडणीवाले त्या क्रमांकावरच जोडणी बांधून ठेवतात. नवे कार्ड लावले की त्यांना फोन करून नवा क्रमांक कळवावा लागतो. सोनारीत ड्रायव्हरची अडचण आली, क्रमांकाची आली नाही. दिवा लुकलुकला तेव्हा झाकण अजून उघडेच होते आणि सातआठ जणी आत डोकावून पाहत होत्या. एकीने विचारले, "एवढंच असतंय व्हय आत?"

या प्रश्नातच मला लेखाचा विषय मिळाला. आत 'एवढेच' असते हे आपल्याला इतकी वर्षे का कळू दिले गेले नाही?

तार कशाला? मोबाइल आहे की

काही मैत्रिणी म्हणतील, आता घरोघरी मोबाइल आहेत, वायफाय आहे, मग संगणकाच्या आणि तारेच्या मागे कशाला लागायचे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मोबाइल कुणाच्या खिशात असतो यात आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारले होते, तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरले आहे का? देशात ५७ टक्के पुरुष हो म्हणाले, आणि ३३ टक्के स्त्रिया. महाराष्ट्रात पुरुष सुमारे ६१ टक्के आणि स्त्रिया ३८ टक्के. 'कधी तरी एकदा' वापरण्याची ही गोष्ट आहे. त्यानंतर मोबाइल वाढले, हे खरे. पण खेड्यात बाईच्या हातात जो मोबाइल असतो तो पुष्कळदा नवऱ्याने बदलून टाकलेला, मुलाने अभ्यासाच्या नावाखाली नेलेला, रिचार्ज संपलेला असतो. तिने कुणाला फोन केला, काय पाहिले, हे घरातला कुणीही उघडून पाहू शकतो. मारहाणीविषयी सल्ला शोधणाऱ्या बाईला तो मोबाइल सुरक्षित नाही.

गटाच्या खोलीतला, तारेने जोडलेला संगणक ही वेगळी गोष्ट आहे. तो कुणा एकाचा नसतो. तो खिशात घालून नेता येत नाही. तार दिसते, ती कुठून कुठे गेली आहे हे कळते, तुटली तर कुठे तुटली ते सापडते. जाड दगडी भिंतींत वायफाय अडखळते, तार अडखळत नाही. शंभर मीटरपर्यंत ती सरळ नेता येते. आणि बाई तेथे 'गटाच्या कामाला' म्हणून जाऊ शकते. घराबाहेर पडायला बाईला कारण लागते, हे आपण सगळ्या जाणतो.

आता 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पाहा. २०२४ च्या जूनमध्ये ती जाहीर झाली. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५. योजनेविषयी आपली मते वेगवेगळी असतील, पण अर्ज भरायला बायका कुठे कुठे उभ्या राहिल्या हे आपण पाहिले. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. जिचा नवरा आणि वडील दोघेही वारलेले, जिला नवऱ्याने टाकलेले, तिने काय करायचे? पुढे सवलती द्याव्या लागल्या. परित्यक्ता ही बाई सरकारच्या कागदावर यावी म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले, त्यांना या संगणकीय रकान्यात ती पुन्हा दिसेनाशी झालेली पाहावी लागली.

हे सांगण्याचे कारण असे की, आज बाईचे हक्क तारेवाटे येतात आणि तारेवाटेच अडतात. पेन्शन, रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा, सातबारा, जन्माचा दाखला. ज्या खोलीत ही तार येते ती खोली, तो डबा, ते कार्ड यांच्यावर ताबा कुणाचा, हा म्हणून हक्काचा प्रश्न आहे. आपण पूर्वी रेशन दुकानाच्या परवान्यासाठी भांडलो, ते याच कारणासाठी.

बाईला यंत्र कळत नाही, हे कुणी ठरवले?

'बायकांना यंत्रातले कळत नाही' हे वाक्य इतके कानावर पडले आहे की ते आपणही बोलतो. इतिहास काय सांगतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिअ‍ॅक' नावाचा संगणक बांधला गेला. सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह असलेले, खोलीभर पसरलेले ते यंत्र. त्याच्याकडून गणित करून घ्यायचे तर शेकडो वायरी एका जागेहून काढून दुसऱ्या जागी खोचाव्या लागत. हे काम सहा स्त्रियांनी केले: जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, के मॅक्नल्टी, मार्लिन वेस्कॉफ, रूथ लिक्टरमन आणि फ्रान्सिस बिलास. शिकवायला पुस्तक नव्हते; यंत्राचे नकाशे पाहून त्या शिकल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, कौतुक झाले, मेजवानी झाली. त्या मेजवानीला या सहा जणींना बोलावणे नव्हते. पुढे कित्येक दशके त्यांची नावेही कुणी घेत नव्हते.

म्हणजे जगातल्या सुरुवातीच्या संगणकात हात घालून वायरी खोचणारे हात बाईचे होते. तेव्हा ते काम हलके, कारकुनी समजले जाई, म्हणून बायकांना दिले. त्याला मान आणि पैसा आला तेव्हा ते पुरुषाचे झाले. ही चाल आपल्याला परिचित आहे. घरातला स्वयंपाक बाईचा आणि पगारी आचारी पुरुष. घरची शिलाई बाईची आणि दुकानावर पाटी टेलरमास्तरांची.

आपण ज्या इथरनेटविषयी बोलतो आहोत, त्याच्याही मुळाशी एक बाई आहे. पुष्कळ संगणक तारांनी जोडले की कुठे तरी तारांचे वर्तुळ तयार होते आणि संदेश त्यात गोल गोल फिरत राहून सगळी जोडणी गुदमरते. १९८५ साली रेडिया पर्लमन या गणितज्ञ बाईने अशी पद्धत शोधली की जोडणीतली यंत्रे आपापसात ठरवून जादा वाटा आपोआप बंद ठेवतील, आणि एखादी वाट तुटली की बंद ठेवलेली उघडतील. मोठमोठ्या जोडण्या यानंतरच सुरळीत झाल्या.

परदेशातले राहू द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरे दुरुस्त करण्याचे मोठे काम निघाले. त्यात गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. भूकंपाला टिकेल असे घर कसे बांधायचे, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, कोपरे कसे बांधायचे, हे त्या शिकल्या आणि गवंड्यांना, घरमालकांना सांगू लागल्या. याच जिल्ह्यातल्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या बायका. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पान्हे खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडल्या. राजस्थानात तिलोनियाला अक्षरओळख नसलेल्या आज्या सौर दिव्यांची सर्किटे जोडतात. या सगळ्यांपुढे एक कार्ड खाचेत बसवणे किती अवघड?

आणि शिलाई मशीन? स्टोव्हची पिन? कुकरचा व्हॉल्व्ह, मिक्सरचे कपलर, पाट्यावर टाकी लावणे? बाई रोज यंत्रे उघडते, पुसते, जोडते. तिच्या या ज्ञानाला तांत्रिक ज्ञान असे नाव द्यायचे नाही, एवढेच ठरले आहे.

दोन आक्षेप

या विषयावर बोलले की दोन आक्षेप हमखास येतात. दोन्ही आपल्याच मैत्रिणींचे असतात, म्हणून त्यांची नीट दखल घ्यायला हवी.

पहिला आक्षेप असा: पाण्याचा प्रश्न आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे हाल आहेत, मारहाण आहे, हुंडा आहे, यात हे कार्ड कुठे बसते? मला वाटते, हे प्रश्न एकामागे एक रांगेत उभे नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या मुलाची शिष्यवृत्ती, तिचे रेशन, तिचा आजाराचा कागद, सगळे त्या डब्यातून जाते. तो तीन आठवडे बंद राहिला तर नुकसान तिचेच होते, कारण ती दिवाळीनंतर कारखान्यावर जाणार आणि मुदत तोवर संपणार.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आधीच बाईवर घर, शेत, गट, बैठका यांचे ओझे. त्यात आता दुरुस्तीही तिनेच करायची? आणि तीही फुकट? हा धोका खरा आहे. आपल्याकडे बाईचे 'सक्षमीकरण' म्हणजे पुष्कळदा बाईला आणखी एक बिनपगारी काम. आशा आणि अंगणवाडीच्या भगिनींना हे विचारावे. २०२१ साली महाराष्ट्रात हजारो अंगणवाडीसेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. मोबाइल हलके होते, तापत होते, बंद पडत होते, माहिती भरायचे अ‍ॅप इंग्रजीत होते, आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो अशी त्यांच्या संघटनांची तक्रार होती. यंत्र दिले, पण त्याच्यावरचा ताबा दिला नाही, दुरुस्तीची सोय दिली नाही, आणि दोष मात्र सेविकेच्या माथी. अशा वेळी यंत्र परत करणे हेच शहाणपणाचे होते.

म्हणून माझे म्हणणे असे अजिबात नाही की, गटातल्या प्रत्येक बाईने स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा. माझे म्हणणे एवढेच की, हे काम गावात काही बायकांना यावे, त्याला काम म्हणावे, आणि त्याचे पैसे मिळावेत. दुरुस्तीवाल्याला आपण भेटीचे दोनतीनशे रुपये मुकाट्याने देतो. तेच काम गटातल्या बाईने केले की 'चहा घे ग' यावर भागवतो. ही सवय आपली आपण मोडली पाहिजे.

मग काय करावे?

बोलून थांबण्यापेक्षा चारपाच गोष्टी मांडते. त्यांवर मैत्रिणींनी आपली मते जरूर कळवावीत.

एक. बचत गटांचे जे प्रभाग संघ आहेत, त्या प्रत्येकाने दोन बायका निवडाव्यात आणि त्यांना चारपाच दिवसांचे प्रत्यक्ष हाताने करायचे शिक्षण द्यावे. एकच निवडू नये. एकटी बाई डबा उघडायला कचरते, दोघी असल्या की उघडतात. शिकायचे काय? दोष कुठे आहे ते ओळखणे, लॅन कार्ड आणि मेमरी बसवणे, पंख्यातली धूळ काढणे, केबलच्या टोकाला जॅक लावणे. केबलच्या आत आठ रंगीत तारा असतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, असा त्यांचा क्रम. रांगोळीचे ठिपके आणि लोकरीच्या विणकामाचे टाके तोंडपाठ असणाऱ्यांना हा क्रम जड नाही.

दोन. प्रत्येक संघाकडे एक पेटी असावी: दोन स्क्रू ड्रायव्हर, जॅक दाबायची पक्कड, केबल तपासायचे यंत्र, एक जादा लॅन कार्ड, ड्रायव्हर भरलेला पेनड्राइव्ह. हा सगळा खर्च एका बोर्डाच्या किमतीपेक्षा कमीच होईल.

तीन. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तार आली आहे किंवा येते आहे. ती सरपंचांच्या खोलीत संपू नये. तेथून महिला गटाच्या खोलीपर्यंत, शाळेपर्यंत, अंगणवाडीपर्यंत केबल न्यावी, असा ठराव महिला ग्रामसभेत मांडावा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. निम्म्या खुर्च्या आपल्या असतील तर तारेचे एक टोकही आपल्याकडे असायला हरकत नसावी.

चार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण मुली शिवणकामाच्या आणि संगणक चालवण्याच्या वर्गांतच दिसतात. इलेक्ट्रॉनिक्स, वायरमन, संगणक दुरुस्ती या वर्गांकडे त्यांना वळवायचे तर वसतिगृह, बसची वेळ आणि स्वच्छतागृह यांपासून सुरुवात करावी लागेल. 'मुली येतच नाहीत' हे उत्तर आपण ऐकून घेऊ नये.

पाच. ही अगदी उद्यापासून करण्याची गोष्ट. आभाळ भरून आले की संगणकाची पिन काढतो तशी इंटरनेटची केबलही काढावी. हे वाक्य प्रत्येक गटाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावे. पुष्कळ कार्डे वाचतील.

यातले बरेच काही किरकोळ वाटेल. पण सायकल शिकणे, बँकेत स्वतः पैसे भरणे, एसटीने एकटीने तालुक्याला जाणे, या गोष्टीही एके काळी किरकोळच वाटत होत्या. ज्या बायकांनी त्या पहिल्यांदा केल्या त्यांना काय काय ऐकावे लागले हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या मैत्रिणी सांगतील. वस्तू लहान असली तरी तिच्यासाठी कुणाच्या तरी मर्जीची वाट पाहावी लागते तेव्हा ती वाट लहान राहत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गटाचे यंत्र बंद पडले आणि कुणी म्हणाले की बोर्ड गेला, तर पैसे काढण्याआधी त्याला एवढेच विचारा: "दाखवा बरं, कुठं गेलाय?" त्याने डबा उघडला की सगळ्या जणी भोवती उभ्या राहा आणि नीट पाहून घ्या. पाहिलेले लक्षात राहते. त्याच्या पुढच्या वेळी तो डबा आपणच उघडू.